सुवर्णपदकाचा खर्च कोणी उचलला?

१ डिसेंबर १९८२. दिल्लीतल्या नॅशनल स्टेडियमवर एशियाडच्या पुरुष हॉकीचा अंतिम सामना. समोर पाकिस्तान, प्रेक्षकांत पंतप्रधान इंदिरा गांधी, आणि देशभर नव्या नवलाईचे रंगीत टीव्ही. त्या पडद्यावर भारतीयांना पाकिस्तानचे सात गोल पाहावे लागले. आपला एक. गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर सामना विकल्याचा निराधार आरोप झाला आणि तो बरीच वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसला. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ आला तेव्हा त्यातल्या कबीर खानच्या कलंकात लोकांना नेगींचीच सावली दिसली. पडद्यावर तो कलंक धुऊन निघतो तो मुलींच्या संघामुळे.

सिनेमाला जमली नसती अशी गोष्ट प्रत्यक्षात त्याच एशियाडमध्ये घडली होती. महिला हॉकीचा एशियाडमध्ये तो पहिलाच प्रवेश, आणि भारतीय मुलींनी थेट सुवर्णपदक जिंकलं. दक्षिण कोरिया दुसऱ्या, मलेशिया तिसऱ्या क्रमांकावर. हाँगकाँगविरुद्धचा निकाल होता २२-०. हा आकडा आजही वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटतो. संघाची कर्णधार होती एलिझा नेल्सन, जन्म पुण्याचा, साल १९५६. तिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता, पुढच्याच वर्षी पद्मश्रीही मिळाली. तरीही आज पुण्यात चार क्रीडाप्रेमींना विचारलं, तर १-७ चौघांनाही आठवेल. एलिझा नेल्सन हे नाव एखाद्यालाच.

त्यानंतर भारतीय महिला संघ जवळपास प्रत्येक एशियाडमधून काही ना काही घेऊन आला किंवा अगदी दारातून परतला. १९९८ आणि २०१८ मध्ये रौप्य; १९८६, २००६, २०१४ आणि २०२३ मध्ये हांगझोऊला कांस्य. सुवर्ण मात्र पुन्हा नाही. म्हणजे एशियाडचं सुवर्णपदक उंचावणारी एकमेव भारतीय महिला हॉकी कर्णधार पुण्यात जन्मलेली आहे. यात आणखी एक गंमत अशी की, पुरुष संघाने ३२ वर्षांचा दुष्काळ संपवून १९९८ साली बँकॉकला एशियाड जिंकलं, तेव्हाचा कर्णधार धनराज पिल्ले खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे, घरात पोरं बरीच, नवी स्टिक परवडत नाही म्हणून मोडक्या स्टिका बांधून खेळणं: ही कहाणी पुण्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि ती व्हायलाच हवी. प्रश्न एवढाच की एकाच शहरातल्या दोन सुवर्ण कर्णधारांपैकी एकाचीच कहाणी का झाली.

पुण्यात हॉकी आली ती पलटणींबरोबर. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या आसपास लष्कर, कामगार वसाहती आणि मोकळी मैदानं होती. पेठांमधल्या मुली शाळेच्या अंगणात खो-खो, लंगडी, पुढे कबड्डी खेळल्या. या खेळांना जागा कमी लागते, साहित्य जवळपास लागतच नाही. हॉकीचं गणित उलटं. मैदान मोठं, स्टिक विकत घ्यावी लागते, गोलरक्षकाच्या सरंजामाचा खर्च तर वेगळाच. त्यामुळे मुलींची हॉकी बरीच वर्षं कॅम्पातल्या मिशनरी शाळा, रेल्वे वसाहती आणि लष्करी परिसर यांच्यातच वावरली. त्या काळातल्या राष्ट्रीय संघाची नावं वाचली तरी हे कळतं: एलिझा नेल्सन, लॉरेन फर्नांडिस, सेल्मा डिसिल्व्हा, मार्गारेट टोस्कानो, नझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बगली. ख्रिस्ती आणि पारशी घरांतल्या या मुली. त्यांच्या जोडीला पंजाबच्या रूपा सैनी, आणि मराठी आडनाव घेऊन अर्जुन पुरस्कारापर्यंत गेलेल्या रेखा मुंडफन. पेठेतलं वर्तमानपत्र ज्यांच्या घरी जायचं त्यांच्या ओळखीत ही नावं नव्हती. विस्मरणाचं एक कारण इतकं साधं असावं.

हाच संघ दिल्लीच्या एशियाडच्या दोन वर्षं आधी मॉस्कोला गेला होता. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी तिथे पहिल्यांदा खेळली गेली. अफगाणिस्तानच्या प्रश्नावर अमेरिकेने बहिष्कार पुकारला, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीच्या बलाढ्य महिला संघांनी पाठ फिरवली आणि सहाच संघ उरले. ऐनवेळी बोलावलेल्या झिम्बाब्वेने सुवर्ण जिंकलं. भारताने ऑस्ट्रियाला २-०, पोलंडला ४-० हरवलं, झिम्बाब्वेशी १-१ बरोबरी साधली, चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ आणि यजमान सोव्हिएत संघाकडून १-३ अशी हार पत्करली. गुणतक्ता असा लागला: झिम्बाब्वे ८, चेकोस्लोव्हाकिया ७, सोव्हिएत संघ ६, भारत ५. त्या तक्त्याकडे जरा निरखून पाहावं. सोव्हिएत संघाशी भारताची नुसती बरोबरी झाली असती, तरी भारताचे सहा आणि त्यांचे पाच गुण झाले असते. ऑलिंपिक कांस्य तेवढ्या अंतरावर होतं. पण त्याच मॉस्कोत पुरुषांनी स्पेनला ४-३ हरवून सुवर्ण आणलं आणि चौथा क्रमांक बातमीच्या तळाशी गेला. १९८२ मध्ये पुरुष हरले म्हणून मुली झाकोळल्या, १९८० मध्ये पुरुष जिंकले म्हणून. दोन्हीकडून तेच.

यानंतर भारतीय महिला संघ ऑलिंपिकला पोचला तो थेट २०१६ साली, ३६ वर्षांनी. टोकियोत तो पुन्हा चौथा आला. ब्रिटनकडून ३-४ असा हरलेला तो कांस्यपदकाचा सामना सगळ्या देशाने सकाळी टीव्हीवर पाहिला, मुलींबरोबर रडला, मग बक्षिसांच्या घोषणा झाल्या. चौथा क्रमांक तोच, फक्त या वेळी पाहणारं कोणीतरी होतं.

हे सगळं वाचताना मनात एक शंका येते: या गोष्टीत कॉलेज कुठे आहे? मुलगी पंधरा ते पंचविशीत असते तेव्हा तिचा खेळ टिकतो की सुटतो हे ठरतं, आणि हीच कॉलेजची वर्षं. रोजचा चार-पाच तासांचा सराव, खुराक, प्रवास, दुखापतीवरचे उपचार, यांचं ओझं कोणीतरी उचलायला हवं. कोण उचलतं, यावर अजिंक्यपदं ठरतात.

अमेरिकेने याचं उत्तर कायद्याने दिलं. जून १९७२ मध्ये तिथे ‘टायटल नाइन’ नावाचं कलम आलं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, इतकाच त्याचा गाभा. खेळ हा शब्दही मूळ कलमात नव्हता. पण कॉलेजांना मुलींचे संघ उभे करणं आणि त्यांना शिष्यवृत्त्या देणं भाग पडलं. हॉकीचंच पाहायचं, तर तिकडची हॉकी बर्फावरची. अर्थात कायदा आला आणि दुसऱ्या दिवशी बर्फ गोठला, असं झालं नाही. मुलींच्या आइस हॉकीची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा एनसीएए या तिथल्या कॉलेज क्रीडासंघटनेने सुरू केली ती २००१ मध्ये, तब्बल २९ वर्षांनी. पहिलं विजेतेपद मिनेसोटा-डुलुथने जिंकलं.

पण एकदा गाडं रुळावर आलं की काय होतं, ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०२४-२५ च्या मोसमात दिसलं. मोसमभरात त्या संघाचा पराभव झाला एकदाच. २३ मार्च २०२५ रोजी मिनियापोलिसच्या रिडर अरीनावर अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध ते २-३ असे मागे होते. घड्याळात शेवटचे काही सेकंद. चित्रफीत पुन्हा तपासून पंचांनी पेनल्टी शॉट दिला, कर्स्टन सिम्सने तो जाळ्यात घातला आणि अतिरिक्त वेळेत विजयी गोलही तिनेच केला. ४-३. हे त्यांचं आठवं राष्ट्रीय अजिंक्यपद. रिडर अरीना खास मुलींच्या कॉलेज हॉकीसाठी बांधलेला, आणि विस्कॉन्सिनच्या मुलींनाही मॅडिसनमध्ये २०१२ पासून स्वतःचा लाबान अरीना आहे. प्रशिक्षक मार्क जॉन्सन म्हणजे १९८० च्या फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी पोरांमधला एक. त्या सामन्यात त्याचे दोन गोल होते. ज्या वर्षी आपल्या मुलींचं कांस्य सोव्हिएत संघाने हिरावलं, त्याच वर्षीची ही गोष्ट. तो माणूस २००२ पासून मुलींना घडवत राहिला, हे मात्र तिथल्या कॉलेज व्यवस्थेचं देणं.

आपल्याकडचा कॉलेजचा मोसम वेगळ्याच जातीचा. आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, नशीब असेल तर अखिल भारतीय. पत्रक आलं की संघ जमवायचा, काही दिवस सराव करायचा, जाऊन यायचं. खेळाडू कॉलेजने घडवलेली नसते, कॉलेजकडे तिचा फक्त प्रवेश असतो. अमेरिकेतला संघ मोसमात चाळीसेक सामने खेळतो. इथे एखाद्या आठवड्यात मोसम आटोपतो, आणि पदक मिळालं तर प्राचार्यांच्या दालनात फोटो निघतो.

एलिझाच्या पिढीला आधार दिला तो रेल्वेने. खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी, स्पर्धांसाठी रजा, फिरायला पास. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर रेल्वेचं अनेक दशकं वर्चस्व राहिलं त्यामागे ही पगाराची हमी होती. खेळ सोडून लग्न करावं की लग्न करून खेळ सोडावा, एवढेच दोन पर्याय ज्या काळात मुलीपुढे ठेवले जात, त्या काळात महिन्याच्या महिन्याला हातात येणारा पगार हा घरात बोलायचा अधिकार होता. रेल्वेचं हे काम कोणी समाजसुधारणा म्हणून नोंदवत नाही. नोंदवायला हरकत नसावी.

महाराष्ट्राने पुढे आपली अशी एक वाट काढली: राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. गावोगावच्या मुलामुलींच्या शारीरिक चाचण्या घ्यायच्या, त्यातून अंगभूत वेग आणि दम असलेली मुलं निवडायची आणि राहणं, खाणं, शाळा, प्रशिक्षण सगळं एका छताखाली द्यायचं. पुण्यात हे बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत चालतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ही नगरी उभी राहिली, तेव्हा तिचं पुढे काय करायचं यावर बरीच नाकं मुरडली गेली होती. त्याचं एक उत्तर फलटणकडून आलं.

वैष्णवी विठ्ठल फाळके फलटण तालुक्यातल्या आसू गावची. घरात हॉकीचा गंध नाही, भोवती उसाची शेतं. चाचण्यांतून निवड होऊन ती प्रबोधिनीत आली आणि स्टिक हातात धरायलाही तिथेच शिकली. सातारा जिल्ह्यातल्याच ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे, काजल आटपाडकर यांचीही नावं पुढे राष्ट्रीय शिबिरांच्या याद्यांत दिसू लागली. कॅम्पातली हॉकी पेठा ओलांडून नव्हे, पेठांना वळसा घालून साताऱ्याच्या गावांत पोचली.

२०२३ हे या मुलींचं वर्ष. जूनमध्ये जपानमधल्या काकामिगाहारा इथे कनिष्ठ महिलांच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं आणि ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ आणि मानश्री शेडगे. ऑक्टोबरात हांगझोऊच्या एशियाडमध्ये कांस्य जिंकणाऱ्या वरिष्ठ संघात वैष्णवी होती, आणि नोव्हेंबरात रांचीत जपानला ४-० हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघातही. सहा महिन्यांत तीन पदकं. अमेरिकेत कॉलेजच्या मुलीचा असा मोसम गेला असता तर विद्यापीठाने तिच्या नावाची जर्सी छताला टांगली असती.

पुढच्या मार्चमध्ये वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पुण्याच्याच दारात, पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर झाली. महाराष्ट्राच्या मुली अंतिम फेरीत पोचल्या आणि हरियाणाकडून हरल्या. हरियाणात एका शाहाबादमधूनच भारताची कर्णधार राहिलेल्या राणी रामपालसारख्या कितीतरी मुली निघाल्या. तिथे मुलीने हॉकी खेळणं ही आता घरोघरची गोष्ट आहे. महाराष्ट्राचा संघ त्यांच्यासमोर अंतिम सामन्यात उभा राहतो यातच बरंच काही बदललं आहे.

मग २६ जानेवारी २०२५, रांची. मुलींच्या पहिल्यावहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ऋतुजा पिसाळने पूर्वार्धात गोल करून ओडिशाला पुढे नेलं, सूरमाने बरोबरी साधली. जगभरातल्या नावाजलेल्या खेळाडू दोन्हीकडे होत्या. सामना शूटआउटकडे निघाला असं वाटत असतानाच, शेवटची चारेक मिनिटं उरली असताना, ऋतुजानेच दुसरा गोल मारला. २-१. दीड कोटीचं बक्षीस ओडिशाला गेलं. दोन्ही गोल सातारच्या पोरीचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशिया चषकात रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ती आघाडीच्या फळीत होती.

या सगळ्या जमाखर्चात रेल्वेची नोंद आहे, राज्य सरकारची आहे, आता खासगी मालकांच्या लीगचीही झाली. पुण्यातल्या कॉलेजांचं खातं जवळपास कोरं आहे. ते भरायला विस्कॉन्सिनसारखा बर्फाचा अरीना बांधायची गरज नाही. नेहरूनगरचं मैदान पिंपरीत उभं आहे. तिथे सहा-आठ कॉलेजांच्या मुलींची वर्षभर चालणारी साखळी स्पर्धा घ्यायची, सामन्याच्या दिवसाची हजेरी धरायची आणि गोलरक्षकाचा सरंजाम कॉलेजने विकत घ्यायचा, एवढ्यानेही सुरुवात होईल. खेळाडूंसाठीच्या राखीव प्रवेशांच्या याद्या दर जूनमध्ये लागतात. त्यांत हॉकीच्या मुलींना किती जागा आहेत, ते येत्या जूनमध्ये कोणीही जाऊन मोजू शकतं.