स्टेडियम वाढते तेव्हा

फुटबॉलचा खेळ पाहायला येणारी माणसे वाढली, तरी फुटबॉलचे मैदान काही वाढत नाही. मोठ्या सामन्यांसाठी ते साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. मग जादा प्रेक्षकांना बसवायचे कोठे? पुढे सरकायला जागा नाही. म्हणजे एकच वाट उरते : मागे आणि वर! पण मागे जर लोकांची राहती घरे असतील तर?

हा प्रश्न इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात खरोखरच उभा राहिला. तो सुटायला अनेक वर्षे लागली. त्यात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे आणि माणसांचे सुखदुःखही आहे. चला, एकेक गोष्ट पाहू.

विटांच्या घरांमधले मैदान

लिव्हरपूलमधील या मैदानाचे नाव अॅनफील्ड. १८८४ साली ते सुरू झाले तेव्हा तेथे एव्हर्टन हा संघ खेळत असे. पुढे भाड्यावरून वाद होऊन १८९२ मध्ये एव्हर्टन दुसरीकडे गेला आणि रिकाम्या मैदानावर खेळण्यासाठी लिव्हरपूल क्लब जन्माला आला. त्याच सुमारास मैदानाच्या भोवती कामगारांची घरे उभी राहत होती. ती विटांची, दुमजली आणि समाईक भिंतींची. आपल्याकडील चाळीतील खोल्या जशा एकीला एक लागून असतात, तशी ही घरे रांगेने उभी असतात. समोर अरुंद रस्ता, मागे बोळ.

मैदानाच्या एका टोकाला १९०६ साली मोठा चढ बांधण्यात आला. त्याला ‘स्पिऑन कॉप’ असे नाव पडले. हे दक्षिण आफ्रिकेतील एका टेकडीचे नाव. १९०० साली तेथे झालेल्या लढाईत लिव्हरपूलकडचे बरेच सैनिक मारले गेले होते. त्याच लढाईतील जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीयांच्या तुकडीत मोहनदास गांधी होते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

या चढावर एकेकाळी सुमारे २८,००० माणसे दाटीवाटीने उभी राहत. मात्र १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर भयंकर चेंगराचेंगरी झाली. तीत लिव्हरपूलचे ९७ चाहते प्राणास मुकले. चौकशीनंतर, मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला जागा असली पाहिजे, असे ठरले. १९९४ मध्ये कॉपवर खुर्च्या बसल्या आणि तेथील प्रेक्षकांची संख्या १२,४०० च्या आसपास आली. म्हणजे निम्म्याहूनही कमी! सुरक्षितता वाढली, पण जागा घटल्या. बाहेर तिकिटांसाठी ताटकळणारे मात्र वाढतच होते.

पुढच्याचे डोके आड येते!

आता जादा खुर्च्या मांडायच्या तर काय करावे लागते, ते पाहू. तमाशाच्या तंबूत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मागे बसलात, तर पुढच्याचे डोके आड येते. स्टेडियमच्या पायऱ्या रचणाऱ्या अभियंत्यापुढे हाच प्रश्न असतो. मैदानाची तुमच्या बाजूची कडरेषा तुम्हांला दिसली, की सगळे मैदान दिसले. म्हणून तुमच्या डोळ्यापासून त्या कडरेषेपर्यंत एक सरळ रेषा काढायची. ही झाली दृष्टिरेषा. पुढच्या माणसाच्या डोळ्याच्या वर ही रेषा किती अंतरावरून जाते, ते मोजायचे. हे अंतर ९ सेंटिमीटर असले तर चांगले दिसते, १२ असले तर उत्तमच.

समरूप त्रिकोण तुम्ही शिकला असालच. ते येथे कामी येतात. समजा, पुढच्या माणसाचा डोळा कडरेषेपासून ८ मीटर दूर आणि २ मीटर उंच आहे. तुम्ही त्याच्या मागे ८० सेंटिमीटरवर बसला आहात. तुमची दृष्टिरेषा त्याच्या डोळ्यापाशी २.०९ मीटर उंचीवर हवी. मग तुमचा डोळा किती उंच हवा?

२.०९ × ८.८ ÷ ८ = सुमारे २.३० मीटर.

म्हणजे पायरी ३० सेंटिमीटर उंच झाली. आता बरेच मागे जाऊ. पुढचा डोळा २४ मीटर दूर आणि ९ मीटर उंच आहे असे धरा. तेच गणित पुन्हा करा :

९.०९ × २४.८ ÷ २४ = सुमारे ९.३९ मीटर.

येथे पायरी ३९ सेंटिमीटर उंच लागली! म्हणजे मागे मागे जावे तशी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडी अधिक उंच करावी लागते. त्यामुळे पायऱ्यांचा उतार सरळ न राहता वर वळत जातो. दहा रांगा वाढवायच्या म्हणजे नुसती दहा पावले मागे सरकायचे, असे नव्हे. इमारत झपाट्याने आकाशाकडे चढते.

फार मागे जाऊनही चालत नाही. फुटबॉलचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. २५ मीटरवरून तो पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. १०० मीटरवरून त्याचा व्यास चंद्राच्या पावपट भासतो. त्याहून लांब बसून गोल कोणी केला, हे ओळखणे कठीणच!

सावली कोणाच्या अंगणात?

इमारत उंच झाली की तिची सावली लांब पडते. ही सावली किती लांब, हे सूर्याच्या उंचीवर ठरते. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेस आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथे मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७½ अंश वर असतो. ४० मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी ३७ मीटरांच्या जवळपास पडते. लिव्हरपूल ५३.४ अंशांवर आहे. तेथे त्याच दिवशी भर मध्यान्ही सूर्य अवघा १३ अंश वर येतो आणि तेवढ्याच इमारतीची सावली तब्बल १७० मीटर लांब पडते! सकाळ-संध्याकाळी तर ती याहूनही लांब असते.

आधीच हिवाळ्यात उजेड थोडा. त्यात खिडकीसमोर भिंत उभी राहिली, तर घरात दिवसाही दिवा लावावा लागेल. म्हणून इंग्लंडमध्ये उजेडालाही हक्क मानतात. १८३२ च्या एका कायद्यानुसार, एखाद्या खिडकीत सलग २० वर्षे बाहेरचा उजेड येत असेल, तर शेजाऱ्याला तो मनमानेल तसा अडवता येत नाही. वस्तीच्या मधोमध असलेले स्टेडियम वाढवणे कठीण का जाते, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

ओस पडलेली गल्ली

अॅनफील्डच्या एका बाजूला केम्लिन रोड नावाचा रस्ता होता. तेथील घरे क्लबने एकामागून एक विकत घेतली. पण दोन वृद्ध बहिणींनी आपले घर सोडायला नकार दिला. सगळी गल्ली रिकामी झाली, तरी त्या तेथेच राहत होत्या. अखेर १९९० मध्ये त्यांनी घर दिले आणि १९९२ मध्ये त्या बाजूला दुमजली स्टँड पुरा झाला. केम्लिन रोडची घरे मात्र नाहीशी झाली.

दुसऱ्या बाजूस, मुख्य स्टँडच्या मागे, लोथेर रोड होता. १९९० नंतरच्या काळात येथीलही काही घरे क्लबने घेतली आणि ती रिकामी राहिली. मे २००२ मध्ये क्लबने जाहीर केले, की जवळच्या स्टॅन्ली पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधू. (१८७० साली खुले झालेले हे जुने, सुंदर उद्यान आहे.) पुढे मालक बदलले, नकाशे बदलले, पैसा उभा राहिला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये उलट निर्णय झाला : नवे नको, जुनेच वाढवू.

या दहा वर्षांत वस्तीचे काय झाले असेल? जरा विचार करा. आपले घर राहणार की पाडले जाणार, हेच जर ठाऊक नसेल, तर छप्पर कोण दुरुस्त करील? रंग कोण देईल? ज्याला शक्य असते तो निघून जातो. रिकाम्या घराच्या दारा-खिडक्यांवर पत्रे ठोकतात. समाईक भिंतीतून शेजारच्या घरातही ओल येते. एक घर ओस पडले की दुसऱ्याची किंमत उतरते. गिऱ्हाईक घटले म्हणून वाण्याचे दुकान बंद होते आणि दुकान नाही म्हणून आणखी माणसे जातात. कारणाचा परिणाम होतो आणि तो परिणाम पुन्हा कारण बनतो. शास्त्रज्ञ या प्रकाराला ‘पुनर्भरण’ म्हणतात. येथे बॉम्ब पडला नव्हता की भूकंप झाला नव्हता. नुसत्या अनिश्चिततेने गल्ली मोडकळीस आली होती. रहिवासी संतापले होते, यात नवल ते काय?

शेवटी लोथेर रोडवरील घरे पाडण्यात आली आणि डिसेंबर २०१४ मध्ये नव्या मुख्य स्टँडचे काम सुरू झाले.

खेळ चालू, बांधकामही चालू

हे काम मोठ्या युक्तीने केले गेले. जुन्या स्टँडमध्ये सामने चालू होते आणि त्याच्या मागे नव्याचा सांगाडा चढत होता. नवे छप्पर जुन्याच्या डोक्यावर आले. मग २०१६ च्या उन्हाळी सुटीत जुन्याचे छप्पर व मागचा भाग काढला आणि खालच्या पायऱ्या नव्या इमारतीस जोडून घेतल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये स्टँड खुला झाला. सुमारे ८,५०० जागा वाढून एकट्या त्या स्टँडमध्ये २०,५०० माणसांची सोय झाली.

छपराखाली खांब असते तर दृष्टिरेषा पुन्हा अडली असती. म्हणून छपराचा भार पोलादाच्या एका प्रचंड कैचीवर तोलला आहे. ही कैची सुमारे १४० मीटर लांब असून तिचे वजन सुमारे ६५० टन आहे. तुमच्या शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली पाहा, तेथेही लहानशी कैची असेल. दोन्हींचे तत्त्व एकच : त्रिकोण. तीन पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडल्या, तर त्यांचा आकार बदलत नाही. चार पट्ट्यांचा चौकोन मात्र बोटाने दाबताच कलतो. त्याला एक कर्ण जोडा, की तोही ताठ होतो!

त्यानंतर अॅनफील्ड रोडकडील बाजू हाती घेतली. सप्टेंबर २०२१ मध्ये काम सुरू झाले. येथे तर स्टँडमागचा रस्ताच वळवून नवीन इमारतीला वळसा घालून न्यावा लागला. काम करणारी कंपनी २०२३ मध्ये आर्थिक संकटात सापडून कोसळली, त्यामुळे उशीर झाला. डिसेंबर २०२३ पासून वरचा सज्जा टप्प्याटप्प्याने उघडला आणि २०२४ मध्ये तो पूर्ण वापरात आला. आता अॅनफील्डवर सुमारे ६१,००० माणसे बसतात.

सामना संपल्यावर

माणसे आत घेणे सोपे, सुखरूप बाहेर काढणे अवघड. ब्रिटनमधील नियमपुस्तिकेनुसार, सामना संपल्यापासून जास्तीत जास्त ८ मिनिटांत प्रेक्षक बाहेर पडण्याच्या मोकळ्या मार्गाला लागले पाहिजेत. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसे उतरतात, असे धरतात. ८ मिनिटांत झाली ५२८. मग २०,५०० माणसांसाठी जिन्यांची एकूण रुंदी किती हवी? भागून पाहा. जवळजवळ ३९ मीटर!

पण ही माणसे शेवटी रस्त्यावरच येणार ना? एका चौरस मीटरमध्ये चार जण उभे राहिले, तरी ६१,००० माणसांना सव्वापंधरा हजार चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे १० मीटर रुंदीचा रस्ता दीड किलोमीटरपर्यंत गच्च भरेल. म्हणूनच मुख्य स्टँडपुढे फरसबंद मोकळा चौक ठेवला आहे. त्याच बाजूला हिल्सबरोच्या ९७ मृतांचे स्मारक आहे.

आणि उरलेले दिवस?

लीगचे १९ सामने वर्षभरात या मैदानावर होतात. चषकांचे सामने धरले, तरी हा आकडा तीसच्या फार पुढे जात नाही. रहिवाशांना मात्र येथे ३६५ दिवस काढायचे असतात. मग वस्ती सुधारली की नाही, हे सामन्याच्या दिवशी पाहून कसे ठरवावे?

पूर्वी, २००२ ते २०११ या काळात, सरकारची एक योजना होती. तीत जुनी घरे पाडून नवी बांधण्यावर भर होता. पाडणे वेगाने झाले, बांधणे मागे राहिले आणि निधी थांबला. पुढच्या आराखड्यात नगरपालिका, गृहसंस्था व क्लब एकत्र आले. काही घरे पाडली गेली, काही नवी झाली आणि कित्येक जुन्या घरांची डागडुजी करण्यात आली.

लोकही स्वस्थ बसले नाहीत. मैदानासमोर शंभर वर्षांहून जुनी एक बेकरी होती. ती बंद पडली आणि तिच्यावरही पाडापाडीचे संकट आले. २०१० मध्ये एका डच कलावतीच्या पुढाकाराने तेथे शेजारीपाजारी जमू लागले. इमारतीचे काय करावे, याची त्यांनी स्वतःच आखणी केली. २०१२ मध्ये त्यांनी ‘होमबेक्ड’ ही सामुदायिक विश्वस्त संस्था स्थापली. तेथे २०१३ पासून सहकारी तत्त्वावर बेकरी सुरू झाली. सामन्याच्या दिवशी चाहते तेथील गरम पाय घेतात आणि एरवी गल्लीतील लोक पाव नेतात. ६१,००० खुर्च्यांपुढे हे काम चिमुकले खरे, पण ते वर्षभर चालते आणि त्याचा नफा गल्लीतच राहतो.

आपल्याकडेही जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेव्हा किती मजले चढले याबरोबरच, सावली कोठे पडली, आधीचे किती जण तेथे परत आले आणि त्यांना किती वर्षे वाट पाहावी लागली, हेही विचारायला हवे.

करून पाहा : घराच्या किंवा शाळेच्या इमारतीची मध्यान्हीची सावली महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला मोजा. जून ते डिसेंबर अशी नोंद ठेवा. कोणत्या महिन्यात ती शेजाऱ्याच्या अंगणात पोचते?