पाहुण्यांचे श्रमदान आणि गावाची रेघ

तापीसारखी मोठी नदी जिल्ह्यातून वाहते, प्रकाशे आणि सारंगखेडे येथे तिच्यावर बंधारे उभे आहेत, आणि तरीही नदीपासून दूर, उजाड टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या कित्येक गावांच्या विहिरी वैशाखात तळ दाखवतात, हे नंदुरबार जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. 2016 साली पाणी फाउंडेशनने आरंभिलेल्या 'वॉटर कप' स्पर्धेत 2018 साली नंदुरबार व शहादा हे दोन तालुके उतरले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रदिनी शहरांतील नोकरदार 'जलमित्र' म्हणून नावे नोंदवून, काही एकेकटे, काही कंपनीतील सहकाऱ्यांसह, काही बायकामुलांना घेऊन राज्यभरच्या गावांत श्रमदानाला गेले.

या पाहुण्यांच्या श्रमांचे मोल नेमके कशात आहे, हे समजण्यासाठी टेकडीवरचा समतल चर जवळून पाहिला पाहिजे. साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल असा चर खोदला, तर त्याच्या एका मीटरात एका भरणीला सुमारे 180 लिटर पाणी थांबते आणि मुरते. परंतु हे तेव्हाच, जेव्हा चराची रेघ सर्वत्र एकाच उंचीवर असेल. त्यासाठी 'हायड्रोमार्कर' नावाचे साधे साधन वापरतात. खुणा केलेल्या दोन काठ्यांना पाण्याने भरलेली पारदर्शक नळी बांधलेली असते. दोन्हींवर पाणी एकाच खुणेशी ठरले, म्हणजे दोन्ही जागा समपातळीत आहेत असे जाणून तेथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचे. ही आखणी चुकली, तर सारे पाणी खालच्या टोकाशी गोळा होते, उताराच्या बाजूला रचलेला मातीचा वरंबा फोडते, आणि ज्या टेकडीची माती राखायची तिचीच घळ होते.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की पाहुण्यांच्या एका दिवसाच्या कामाचे यश त्यांच्या टिकावाच्या घावांवर फारसे अवलंबून नसते. ते त्यांच्या आधी रेघ आखणाऱ्या आणि त्यांच्यानंतर चरातील गाळ उपसणाऱ्या गावकऱ्यांवर अवलंबून असते. कचेरीत ज्याच्या हुकुमावर इतर चालतात, अशा साहेबाने येथे गावच्या प्रशिक्षित मुलीने दाखविलेल्या फक्कीवरच टिकाव चालवावा, आणि त्याच्या मुलांनी साखळीत उभे राहून घमेले पुढे द्यावे, ही रीतच मला या उपक्रमातील सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते. सातपुड्यातील भिल्ल समाजाला मोबदल्याविना एकमेकांच्या कामाला हात लावणे नवे नाही. सीमेपलीकडे झाबुआत 'हलमा' या नावाने हीच परंपरा टेकड्यांवर चर खोदण्यास उपयोगी पडली आहे.

आता कंपन्यांविषयी. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 अन्वये, ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे असतात. परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या हिताचा उपक्रम त्यात धरला जात नाही, आणि कर्मचाऱ्यांनी विनामूल्य दिलेल्या वेळेची किंमत रुपयांत मांडून ती या खर्चात दाखविता येत नाही, असा खुलासा केंद्र सरकारने 2016 च्या परिपत्रकात केला आहे. हा जाबता मला न्याय्य वाटतो. त्यामुळे खर्चाची रक्कम रोखीने गावात पोहोचते आणि घाम ताळेबंदाबाहेर राहतो.

तेव्हा सहलीप्रमाणे दरसाल नवे गाव शोधण्याऐवजी कंपनीने एकच टेकडी काही वर्षांसाठी पत्करावी. मे महिन्यात खोदाई, पहिल्या पावसानंतर फुटलेल्या वरंब्यांची डागडुजी व त्यांवर गवताचे बी, आणि पुढल्या उन्हाळ्यात गाळ उपसणे, अशा तीन खेपांची तजवीज ग्रामसभेशी बोलून आधीच करावी. आणि ज्या कुटुंबांनी चर खोदला, त्यांनाच डागडुजीला पुन्हा बोलवावे.