गायक गप्प, वाद्ये चालू : हेडफोनचे दुखणे



लिंबायत, उधना, डिंडोलीपासून थेट अडाजणपर्यंत आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी असेंबल केलेला जुना डेस्कटॉप अजून चालू आहे. त्यावर नातवंडांचा अभ्यास होतो, परगावच्या मुलांशी बोलणे होते, दुपारी नाट्यसंगीत ऐकले जाते. हेडफोनमधून आवाज नीट येईनासा झाला की घरात दोनच निदाने होतात : संगणक गेला, नाहीतर आजोबांचे कान गेले. ज्येष्ठ मंडळी दुसरे निदान फार लवकर मान्य करतात आणि व्हिडिओ कॉलवर बसायचेच टाळू लागतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

पहिली परीक्षा सोपी. तोच हेडफोन मोबाइलला किंवा टीव्हीला लावून पाहावा. तिथे स्वच्छ ऐकू आले तर हेडफोन आणि कान दोन्ही शाबूत आहेत.

आता एक चमत्कारिक तक्रार. वाद्ये ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा किंवा अजिबात नाही. हेडफोनच्या पिनेचे टोक डाव्या कानाचे, मधला भाग उजव्या कानाचा आणि मुळाकडचा भाग दोघांचा सामाईक. हा सामाईक भाग सॉकेटमध्ये नीट टेकला नाही, तर डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो वजा होतो. आमच्या बँकेच्या भाषेत नावे आणि जमा सारखे, शिल्लक शून्य! बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणे मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी एकच. तिथे तर जवळजवळ सगळेच गाणे नाहीसे होते.

उपाय एवढाच, की पिन शेवटपर्यंत दाबून, थोडी फिरवून बसवावी. त्याआधी आवाज कमी करावा, नाहीतर पिन टेकताच कानात एकदम दणका बसतो. आपल्या सुरतेत लूमच्या आसपास राहणाऱ्यांकडे सॉकेटमध्ये धाग्यांचे बारीक तंतू आणि धूळ साचते, त्यामुळेही पिन पुरती आत जात नाही. संगणक बंद करून हवेच्या फुग्याने फुंकर मारावी. टाचणी घालू नये.

मोबाइलचा माइकवाला इअरफोन डेस्कटॉपला लावला तरी हीच गंमत होऊ शकते. त्याच्या पिनेवर दोनऐवजी तीन पट्ट्या असतात, कारण माइकची तारही त्याच पिनेत असते. डेस्कटॉपला मात्र सहसा हिरवे सॉकेट ऐकण्याचे आणि गुलाबी बोलण्याचे, अशी दोन वेगळी असतात. अशा वेळी एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर घ्यावी. दुकानात कोणी लगेच नवा मदरबोर्ड सुचवला, तर आधी ही वायर मागावी.

पुढचे सॉकेट मुकेच असेल तर मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावून पाहावे. असेंबल करताना पुढच्या सॉकेटची आतली वायर जोडायची राहून गेलेली असते, असे पुष्कळदा आढळते.

नवा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडल्यावर आवाज गेला, तर तो मॉनिटरकडे वळलेला असू शकतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर नसला तरी! विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड उघडून आउटपुटमध्ये हेडफोन निवडावा. तेथे हेडफोन हे नाव नसेल तर स्पीकर्स किंवा रिअलटेक हे नाव पाहावे.

ज्यांना एकाच कानाने नीट ऐकू येते त्यांच्यासाठी विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, येथे मोनो ऑडिओ ही सोय आहे. ती चालू केली की दोन्ही बाजूंचे सगळे आवाज त्या एका कानात येतात. आणि मोबाइलवर, टीव्हीवर, दुसऱ्या हेडफोननेही आवाज पुसटच वाटत असेल, तर मात्र संगणक सोडून कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.