फेसाळ तेल : जुन्या ट्रॅक्टरची पूर्वसूचना

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलताना थरथरू लागली, पंपाची घरघर वाढली आणि डिपस्टिकवर फेस दिसला, की पंप बदलण्याचा विचार सुरू होतो. हा खर्च मोठा आणि कित्येकदा अनावश्यक असतो. दोष पंपात नसून पंपाकडे येणाऱ्या तेलात असू शकतो.

तेल जवळजवळ दाबले जात नाही, म्हणूनच त्याच्या बळावर भार उचलला जातो. हवा मात्र दाबली जाते. तेलात बुडबुडे मिसळले की लिफ्ट झटके देते, तेल तापते आणि वंगण अपुरे पडून चांगला पंपही झिजू लागतो.

निदानासाठी काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे तेल घेऊन स्थिर ठेवावे. ते थोड्या वेळात तळाकडून निवळू लागले, तर त्यात हवा आहे. दुधाळपणा टिकून राहिला किंवा तळाशी पाणी साचले, तर पाणी शिरले आहे.

हवेचा दोष असल्यास औजार जमिनीवर टेकवून, सपाट जागी प्रथम तेलाची पातळी पाहावी. पातळी कमी असल्यास पंप हवा ओढतो; जास्त असल्यास फिरते गिअर तेल घुसळतात. त्यानंतर गाळणी, क्लॅम्प, ओ-रिंग व सक्शन पाइप तपासावेत. सक्शनची गळती फसवी असते. पंप चालू असताना तेथून तेल ठिबकण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरील सांध्यावर ग्रीस लावताच आवाज बदलला, तर दोष तेथेच समजावा. अयोग्य तेल किंवा भिन्न तेलांची सरमिसळ यांमुळेही फेस होतो.

मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या रचनेत गिअर व लिफ्ट यांना एकच तेल असते आणि पंप त्यातच बुडालेला असतो. गिअरच्या दांड्यावरील रबर फाटल्यास पावसाचे पाणी थेट आत उतरते. अशा वेळी आधी पाण्याची वाट बंद करावी, मगच तेल पूर्ण काढून, गाळणी स्वच्छ करून, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल भरावे.

उचललेल्या औजाराखाली कधीही शिरू नये. दाबाखालील गळती हाताने चाचपू नये. तेलाची बारीक धार त्वचेत घुसू शकते.

सन २०१२ च्या सुधारित किसान क्रेडिट कार्ड योजनेत शेतीच्या साधनांची दुरुस्ती व देखभाल यांचाही विचार करण्यात आला होता. वेळीच बदललेली ओ-रिंग पंपाचा खर्च वाचवते आणि पेरणीचे दिवसही.