हयातीच्या दाखल्याची रांग

नोव्हेंबरची सकाळ. मैसूरच्या के. आर. सर्कलजवळच्या बँकेचं दार अजून बंद आहे आणि पायऱ्यांवर पेन्शनर बसले आहेत. देवराज मार्केटच्या बाजूने मल्लिगेच्या फुलांचा वास येतो. प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. तिच्यात पासबुक, आधार आणि पेन्शनचे कागद. आपण हयात आहोत, हे दर वर्षी दाखवावं लागतं. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते, तरी बरेच जण आत्ताच आले आहेत.

दार उघडतं. "कूत्कोळ्ळी अज्जी, कूत्कोळ्ळी," म्हणत गार्ड खुर्च्या सरकवतो. पंखा फिरतो, वारा लागत नाही. काउंटरवर ठसे घेण्याचं यंत्र आहे. वयाने बोटांवरच्या रेषा झिजल्यात. "पुसून ठेवा." "आता अंगठा." रांग पुढे सरकत नाही.

मागच्या ओळीत मराठी ऐकू येतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांतलं, कानडी शब्द मुरलेलं. त्या ओळीतल्या एका आजोबांचा फोन वाजतो. हयातीचा दाखला राहिलाय, पेन्शन थांबेल, आलेला ओटीपी सांगा. आजोबा चष्मा शोधतात. शेजारच्या बाई त्यांचा हात धरतात. "अहो, थांबा! आपण बँकेतच बसलोय ना?"

आजोबा फोन ठेवतात. हात थरथरतोय. फोन करणाऱ्याला महिना कोणता आहे ते पक्कं ठाऊक असतं.

भिंतीवर 'डिजिटल अरेस्ट'चं पोस्टर आहे. फोनवरूनच अटक झाल्याची बतावणी. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. तरी २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतच या एका भीतीने देशभरातून १२० कोटी रुपये उकळले गेले, अशी केंद्र सरकारची नोंद आहे. पोस्टरखाली अक्षरं बारीक. रांगेतून ती वाचता येत नाहीत.

खिडकीपाशी एक मुलगा आईच्या हातून फोन काढून घेतो. मेसेज उघडतो, एकेक वाचतो, ॲप काढून टाकतो. "तुला काय कळतंय यातलं?" आई जमिनीकडे बघते. मला हे बघवत नाही. उद्या खरंच फसली, तर ही बाई याला सांगेल का?

दोन खुर्च्या सोडून भाची आणि आत्या. २०२० पासून कार्डाची मर्यादा खातेदाराला स्वतः ठरवता येते. भाची विचारते, "आत्या, किती ठेवायची? तू सांग." आत्या विचार करतात. "दहा हजार. दिवाळीत वाढवू." पिन टाकायची वेळ येते. भाची न सांगता तोंड दाराकडे वळवते.

"आणि पैशाचा फोन आला की आधी मला रिंग दे. कुणाला किती देतेस, ते मी विचारणार नाही."

"आणि गेलेच पैसे, तर?"

"तर त्याच क्षणी सांग. रात्री दोनला सुद्धा. १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवलं, तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात. उशीर झाला की ते पुढे पुढे जातात. मी रागावणार नाही, आत्या."

"तुझ्या बाबाला कळवशील?"

"तू म्हणालीस, तरच."

आत्या पिशवीतून डायरी काढतात, १९३० मोठ्या आकड्यांत लिहितात. खाली भाचीचा नंबर. टोकन पुकारलं जातं.

"पासबुक मी धरू?"

"नको, ते माझ्याकडे राहू दे. तू चष्म्याची डबी धर."