अंतर सव्वा तासाचं, प्रवास दोन तासांचा

नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, ओझरला आहे. तिथून दिल्ली हवाई अंतराने साधारण ९९० किलोमीटर. प्रवासी जेट ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे सव्वा तास पुरायला हवा. तरी वेळापत्रकात दोन तासांच्या जवळपास वेळ दिसतो, कारण विमान जागेवरून हललं की तो मोजायला सुरुवात होते आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की मोजणी थांबते. धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, उतरताना वेग कमी करणं, दिल्लीच्या गर्दीत पाळीची वाट पाहणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही हिशेब येतो. मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. उंचावरचे जेट स्ट्रीम वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून परतीला वेळ कमी लागतो.

मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची, पोहोचण्याची लंडनची असते. जाताना त्या दोहोंतल्या फरकात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मिळवले, की खरा प्रवास किती ते कळतं.