पायाखालची जमीन वितळते तेव्हा

आपल्या नरडाण्याच्या काळ्या जमिनीत घर बांधायचे तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो. नाहीतर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना भेगा पडतात. पण ज्यांच्या पायाखाली फक्त गोठलेली माती आहे, त्यांनी काय करावे?

अलास्का, कॅनडा आणि सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यावर अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथली जमीन खोलवर बारमाही गोठलेली असते. तिला शास्त्रज्ञ ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. १९७९ नंतर हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. गोठलेली माती वितळली की तिचा चिखल होतो. घरे कलतात, पाण्याचे नळ फुटतात, लाटांनी काठ ढासळतो.

याचा पहिला घाव पोटावर बसतो. आपल्याकडे पूर्वी धान्याचे पेव असे, तशी अलास्कातील इनुपियाट लोकांची जमिनीत खणलेली बर्फाची तळघरे असतात. त्यांत व्हेलचे मांस वर्षभर टिकते. आता त्यांत पाणी शिरते व मांस नासते. दुकानातले अन्न विमानाने येते, ते गरिबाला परवडत नाही.

दुसरा घाव रोगांचा. जनावरांचा फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, आपल्या शेतकऱ्यांना ऐकून माहीत आहे. त्याचे जंतू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. २०१६ च्या उन्हाळ्यात सायबेरियाच्या यमाल भागात उष्णता वाढली, जमीन वितळली आणि हा रोग उसळला. दोन हजारांवर रेनडिअर मेले, बारा वर्षांचा एक मुलगाही दगावला. तिथे रेनडिअरना लस टोचणे २००७ मध्ये बंद केले होते. रोग दिसत नाही म्हणून लस थांबवली, तर अशी किंमत मोजावी लागते.

अलास्कातील न्यूटोक गावाची कहाणी मात्र धीर देणारी आहे. तिथले युपिक लोक पूर्वी ऋतूप्रमाणे जागा बदलत. सरकारी शाळा झाली आणि ते एका जागी स्थिरावले. पुढे नदीने काठ गिळायला सुरुवात केली. घरात नळ नाही, मैला बादलीत साठवायचा, लहान मुलांना श्वसनाचे आजार. १९९४ मध्ये गावकऱ्यांनी नवी जागा शोधायला घेतली. २००३ मध्ये कायदा होऊन जमिनीची अदलाबदल झाली. मर्टार्विक या नव्या गावी पहिली कुटुंबे २०१९ मध्ये गेली, शेवटची २०२४ मध्ये. तिथेही सगळ्यांच्या घरी लगेच नळ आला नाही. पण गाव विखुरले नाही. सरदार सरोवरात घरे बुडालेल्या आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या बांधवांना याचे मोल कळेल.

तीस वर्षांचा हा पाठपुरावा म्हणजे ठराव, अर्ज, बैठका आणि पुन्हा अर्ज. कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला कागदाची ताकद ठाऊक आहे. पण त्या कागदामागे सगळे गाव उभे असावे लागते.

कॅनडाच्या इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लुटियर यांनी २००५ मध्ये अमेरिकेविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. आमची थंडी हाच आमचा हक्क, असे त्यांचे म्हणणे. आयोगाने २००६ मध्ये अर्ज पुढे चालवला नाही. तरी प्रश्न संपला नाही: धूर एकाने सोडायचा आणि घर दुसऱ्याचे का ढासळायचे? वैशाखात पत्र्याखाली तापणाऱ्या आपल्या घरांचाही हाच प्रश्न आहे.